तुरहळ्ळी वनरक्षण आंदोलन

दक्षिण बंगळूरमधील तुरहळ्ळी येथील सरकारी जंगलात वृक्षोद्यान उभारण्याच्या प्रस्तावाविरुद्ध फेब्रुवारी २०२१ मध्ये झालेले नागरिकांचे आंदोलन. जयनगरच्या नैर्ऋत्येस, कनकपुरा रस्त्याजवळ सुमारे ६०० एकरांवर हे जंगल पसरले आहे.

स्वरूप : दाट सावलीचे हे अरण्य नव्हे. नाइस खडकाचे अजस्र धोंडे, काटेरी झुडपे, गुडघाभर गवत आणि मधूनमधून लावलेली निलगिरी असे त्याचे रूप आहे. उन्हाळ्यात ते ओसाड माळासारखे भासते. पण मोरांसारखे जमिनीवर घरटे करणारे पक्षी याच गवता-झुडपांच्या आडोशाने राहतात आणि पावसाचे पाणीही येथेच मुरते. प्रस्तरारोहक व सायकलस्वारांची येथे जुनी वर्दळ आहे.

पार्श्वभूमी : जयनगर ही १९४८ पासून वसत गेलेली आखीव वसाहत. तेथील नंदा रोडवरील झाडे मेट्रोसाठी तोडण्यास २००९ मध्ये ‘हसिरु उसिरु’ या नागरिक-गटाने विरोध केला. तरी झाडे गेली आणि २०१७ मध्ये मेट्रो धावली. जानेवारी २०२१ मध्ये हीच मार्गिका कनकपुरा रस्त्याने पुढे वाढली. तोवर इमारती जंगलाला भिडल्या होत्या.

आंदोलन : वृक्षोद्यानामुळे अतिक्रमणाला आळा बसेल, अशी वनखात्याची भूमिका होती. शेकडो रहिवासी व निसर्गप्रेमी फलक घेऊन जंगलापाशी जमले. आखीव वाटा, बांधकामे आणि वाढती गर्दी यांमुळे जंगलाचे रानपण संपेल, कुंपण व गस्त एवढेच पुरेसे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. विरोधानंतर योजना बाजूला ठेवण्यात आली.

महत्त्व : मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रो कारशेडसाठी झाडे तोडताना ती जागा वन आहे की नाही, यावरच वाद झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. तुरहळ्ळी मात्र सरकारदरबारी वनच होते आणि प्रस्तावही खुद्द वनखात्याचा होता. त्यामुळे येथील वाद जागेच्या दर्जाचा नसून वापराचा होता. शहरालगतच्या रानाला बाग न करता रान म्हणूनच राहू द्यावे, ही मागणी या आंदोलनाने ठामपणे मांडली.