कचेरीसमोरची छपाई

चिमूरच्या तहसील कचेरीसमोर छपाईचं यंत्र कोणतं ठेवायचं, हे दुकानदाराने कधी ठरवलंच नाही. कचेरी काय मागते आणि विजेची लाइन किती वेळ राहते, यावर ते ठरलं. मी इथेच टायपिंग करायचो, आता ऑनलाइनची कामं करतो.

टाइपरायटरचा जमाना कार्बनचा. १९७२ला केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. १६ ऑगस्ट १९४२ला इंग्रजांविरुद्ध पेटलेल्या या गावात अर्जदारांना काय तोटा! सहा महिन्यांच्या कैदेचा पुरावा जोडायचा आणि प्रत्येक कागद अनेक प्रतींत. खालची प्रत उमटावी म्हणून बोटं दुखेस्तोवर बडवायचं.

पुढे डॉट मॅट्रिक्स आला. तोही बडवणाराच; त्याच्या सुया रिबिनीवर आदळतात, म्हणून कार्बन चालायचा. नऊ सुयांच्या यंत्रावर वेलांट्या तुटक यायच्या, चोवीस सुयांचं घेतलं तेव्हा मराठी वाचण्याजोगी झाली. बँकेत पासबुकावर अजून त्याचीच करकर ऐकू येते.

लेझरची खरी गरज वनहक्क कायद्यामुळे पडली. २००६चा कायदा, २००८चे नियम, मग दाव्यांच्या फायली: ग्रामसभेचा ठराव, नकाशा, रहिवासाचे पुरावे. बिगर-आदिवासी दावेदाराला तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवायचा. एवढी पानं बडवून कोण काढणार? लेझर टोनरची पूड गरम रोलरने कागदावर वितळवतो. लहान यंत्राच्या टोनरवर साधारण २००० पानं निघतात. पण रोलर तापताना तो वीज अशी ओढतो की साधा इन्व्हर्टर मान टाकतो. लोडशेडिंगच्या दिवसांत गिऱ्हाईक बाकावर आणि आम्ही पंख्याकडे बघत!

इंक टँक थोड्या विजेवर चालतो आणि पान स्वस्त पडतं. १ मे २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, गर्दी वाढली, तेव्हा तोही ठेवला. दुकानात तो रोज चालतो म्हणून बरा. घरी पडून राहिला, की आमच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात हेडमध्ये शाई सुकते.

म्हणून विचारायला येणाऱ्याला सांगतो: महिन्याला दहा-वीस पानं असतील, तर काळा-पांढरा लेझर घ्या आणि रंगीत फोटो दुकानातून काढा. पोरांचे प्रोजेक्ट रोजचे असतील, तरच इंक टँक. आणि पावसाळ्यात फोडलेला रीम पन्नीत बांधून ठेवा; ओला कागद कोणत्याही कंपनीच्या यंत्रात अडकतोच.