गलबताचा दोर आणि दर्यावरची सत्ता

मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास सांगताना आपण सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, कुलाबा ही नावे घेतो. कान्होजी आंग्रे आणि आनंदराव धुळप यांचे पराक्रम वर्णितो. ते योग्यच आहे. परंतु ज्या गलबतांच्या बळावर हे पराक्रम झाले ती चालत कशी होती, असे कोणी विचारले तर आपण बहुधा गप्प बसतो. म्हणून आज आम्ही श्रोत्यांना तटावरून खाली उतरवून डोलकाठीपाशी नेणार आहोत.

इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६३ साली निघाला. आंग्र्यांच्या नौकांचे त्याने बारकाईने वर्णन केले आहे. गुराबा दीडशे ते तीनशे टनांच्या. गलबते क्वचितच ७० टनांवर जात. गलबताला ४० ते ५० वल्ही असत. त्याच्या मुख्य डोलकाठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड असे, आणि ते चढविले म्हणजे त्याचे टोक डोलकाठीच्याही पुष्कळ वर जाई.

काठीहून शीड उंच कसे? अशा नौकांत शीड एका लांब, तिरप्या वाशाला बांधलेले असते. वाशाचे एक टोक नौकेच्या पुढच्या अंगाला खाली आणि दुसरे आकाशात. हा वासा एका जाड दोराने डोलकाठीच्या माथ्याशी टांगतात. दोर माथ्यावरून मागे उतरतो आणि कप्प्यांच्या साह्याने अनेक खलाशी तो ओढतात. वासा चढला की दोराचे खालचे टोक मागल्या बाजूस, वारा येतो त्या अंगाला, पक्के बांधतात. त्यामुळे शीड वर राहते आणि डोलकाठीलाही मागून आधार मिळतो. एकाच दोराकडून दोन कामे!

या सोयीची किंमतही होती. वारा दुसऱ्या अंगाला घ्यावयाचा तर शीड मोकळे सोडून अवघा वासा डोलकाठीच्या पुढून फिरवावा लागे. परंतु कोकणचा किनारा दक्षिणोत्तर आहे. पावसाळा सरला की दुपारी खारे वारे आणि रात्री मतलई वारे सुटतात. दोन्ही किनाऱ्याने जाणाऱ्या नौकेला बगलेवर मिळतात. वासा वारंवार फिरविण्याचे कारण पडत नाही. हे शीड या किनाऱ्याला मानवले ते असे.

ज्याला आपल्या दोराचे मोल ठाऊक, त्याला शत्रूचे मर्मही ठाऊक असते. ऑर्म सांगतो की, गुराबा सावजाच्या पिछाडीस जमत आणि त्याच्या तिन्ही डोलकाठ्या एकदम दृष्टीस पडल्या की नेमक्या त्यांवर तोफा डागीत. काठ्या पडल्या म्हणजे जहाज पांगळे होई. तरीही ते शरण आले नाही, तर गलबतांतून शेकडो माणसे तलवारी घेऊन चहूंकडून चढत. जहाजाचा जीव त्याच्या काठ्यांत व दोरांत आहे, हे ज्ञान या युद्धपद्धतीच्या मुळाशी होते.

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात याच आरमाराचा नाश झाला. तुळाजी आंग्र्यांची जहाजे नांगरून एकमेकांशेजारी उभी होती. एकावर इंग्रजांचा गोळा पडून आग लागली आणि ती सर्वत्र पसरली. चपळाई हेच ज्यांचे बळ, त्या नौकांना हालण्याची संधीच मिळाली नाही.

विसाव्या शतकात कोकणच्या बंदरांत शिडांची जागा यंत्रांनी घेतली. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण विद्या गेली की ती परत मिळविणे किती कठीण, हे अलीकडेच दिसले. मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झालेले 'कौंडिण्य' हे शिवून बांधलेले जहाज अजिंठ्याच्या चित्रावरून घडविले आहे. चित्रात जहाज दिसते, आराखडा मिळत नाही. त्यामुळे शिडादोरांची रचना तज्ज्ञांना मुळापासून नव्याने बसवावी लागली.

किल्ल्याचे दगड पडले तरी निदान पाया उरतो. दोर कुजला म्हणजे काहीच उरत नाही. त्याचे नाव, त्याची गाठ आणि त्याचे काम माणसाच्या तोंडीच जिवंत राहते. तेव्हा ज्यांच्या घरी कोणी वृद्ध तांडेल असेल, त्यांनी त्याच्यापाशी बसून ती नावे लिहून घ्यावीत, एवढीच आमची विनंती आहे.