तळटीप : ‘ब्रेक’ आणि ‘सिझर्स’

१२. मूळ मजकुरात हे एका ओळीत उरकले आहे, म्हणून थोडा खुलासा. शत्रू मागे लागला की सरळ पळणे सर्वांत घातक. त्याच्या तोफांना स्थिर लक्ष्य मिळते. म्हणून वैमानिक हल्लेखोर ज्या बाजूने येतो त्याच बाजूला, विमानाला झेपेल तितके घट्ट वळण घेतो. हा ‘ब्रेक’. त्यामुळे दोन विमानांमधला कोन झपाट्याने वाढतो, नेम चुकतो आणि हल्लेखोराचा वेग जास्त असेल तर तो वळणाबाहेर फेकला जाऊन पुढे निघून जातो. त्याच क्षणी उलट वळण घेतले तर शिकारीच सावज होतो. दोघेही आलटूनपालटून अशी वळणे घेऊ लागले की ती ‘सिझर्स’. तीत जो हळू पुढे सरकतो त्याची सरशी. मात्र प्रत्येक घट्ट वळण वेग खाते, आणि जमिनीलगत तो भरून काढायला उंची उरत नाही. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर सहा सेबर विमाने चालून आली, तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों छोट्या नॅटमधून अशाच कमी उंचीवर झुंजले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. भारतीय हवाई दलाला मिळालेले ते एकमेव परमवीरचक्र आहे. — संपादक