जिल्हा परिषद प्राथमिक शिक्षकांची पदोन्नती

जिल्हा परिषद प्राथमिक शिक्षकांची पदोन्नती म्हणजे महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळेत सहशिक्षक म्हणून नेमलेल्या व्यक्तीने मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि शिक्षण विस्तार अधिकारी या वरच्या पदांवर जाण्याची प्रक्रिया होय. सेवाज्येष्ठता, रिक्त पद आणि विहित पात्रता या तिन्ही गोष्टी जुळून आल्या तरच ती घडते. अध्यापनातील गुणवत्तेचा या प्रक्रियेशी असलेला संबंध गोपनीय अहवालातील शेऱ्यापुरताच असतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, 1961 अन्वये 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे गेले. त्यांच्या कर्मचाऱ्यांची भरती व पदोन्नती जिल्हा सेवा (सेवाप्रवेश) नियम, 1967 आणि वेळोवेळी निघालेले शासन निर्णय यांनुसार होते. खाजगी शाळांतील शिक्षकांना हे नियम लागू नाहीत. त्यांची ज्येष्ठता 1981 च्या खाजगी शाळा सेवाशर्ती नियमावलीतील ‘अनुसूची फ’ प्रमाणे ठरते. शासकीय आश्रमशाळांतील शिक्षक आदिवासी विकास विभागाचे असल्याने त्यांची यादीही वेगळी असते. एकाच गावात या तिन्ही प्रकारच्या शाळा असू शकतात, त्यामुळे एकाचा नियम दुसऱ्याला लावून पाहण्याची चूक वारंवार होते.

पदांची उतरंड

ही शिडी आखूड आहे. सहशिक्षक, सहावी ते आठवीसाठी प्राथमिक पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी एवढ्याच तिच्या पायऱ्या. त्यांतही पदवीधर शिक्षक म्हणून काम करणाऱ्या सर्वांना पदवीधर वेतनश्रेणी मिळतेच असे नाही. ती ठरावीक प्रमाणातच दिली जाते.

मुख्याध्यापकाचे पद शाळेला नव्हे, तर पटसंख्येला मिळते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 150 पेक्षा अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. सहावी ते आठवीसाठी ही मर्यादा 100 आहे. खेड्यातील बहुसंख्य शाळांचा पट याच्या कितीतरी खाली असतो. तेथे ज्येष्ठ शिक्षक ‘प्रभारी मुख्याध्यापक’ म्हणून शालेय पोषण आहाराचा हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभा, ऑनलाइन माहिती आणि स्वतःचे वर्ग हे सारे सांभाळतो, पण त्याला ना पद मिळते ना वेतनश्रेणी. पट घसरला की असलेले पदही अतिरिक्त ठरते.

केंद्रप्रमुख हे पद 14 नोव्हेंबर 1994 च्या शासन निर्णयाने निर्माण झाले. तेव्हा राज्यात अशी 4,860 पदे मंजूर करण्यात आली. सुमारे दहा शाळांचे एक केंद्र आणि त्यांना शैक्षणिक मार्गदर्शन करणारा एक अनुभवी शिक्षक, अशी कल्पना होती. 2010 साली ही पदे सरळसेवा 40 टक्के, मर्यादित विभागीय परीक्षा 30 टक्के आणि पदोन्नती 30 टक्के या प्रमाणात भरण्याचे ठरले. 1 डिसेंबर 2022 च्या निर्णयाने सरळसेवा वगळण्यात आली आणि उरलेल्या दोन मार्गांना प्रत्येकी निम्मा वाटा मिळाला. यांपैकी परीक्षेचा मार्गच तरुण शिक्षकाला रांग ओलांडू देतो.

सेवाज्येष्ठता यादी

दरवर्षी 1 जानेवारीच्या स्थितीनुसार जिल्हा परिषद शिक्षकांची ज्येष्ठता यादी तयार करते. तात्पुरती यादी आधी प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात आणि मग ती अंतिम होते. नेमणुकीचा दिनांक, जातप्रवर्ग, शैक्षणिक अर्हता किंवा जन्मतारीख यांतील एका चुकीने क्रमांक शेकड्याने मागे जाऊ शकतो. म्हणून तात्पुरती यादी पंचायत समितीत येताच ती मूळ सेवापुस्तकाशी पडताळून मुदतीत लेखी हरकत देणे, हे शिक्षकाच्या हाती असलेले सर्वांत उपयोगी काम होय. नंतर चूक सिद्ध झाली तर ‘मानीव दिनांक’ मिळू शकतो, परंतु त्यासाठी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करावा लागतो.

विभागीय चौकशी चालू असलेल्या शिक्षकाबाबतचा निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात ठेवला जातो. आरक्षणाचा प्रश्नही अद्याप सुटलेला नाही: पदोन्नतीतील आरक्षणासंबंधीचा 25 मे 2004 चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 4 ऑगस्ट 2017 रोजी रद्दबातल ठरवला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 7 मे 2021 च्या शासन निर्णयाने पदे ज्येष्ठतेनुसार भरण्याचे धोरण स्वीकारण्यात आले.

हिंगोली जिल्हा आणि कळमनुरी

कळमनुरी हा पूर्वी परभणी जिल्ह्याचा तालुका. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि कळमनुरीसह हिंगोली, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव हे पाच तालुके त्यात आले. ज्येष्ठता यादी जिल्ह्याची असल्याने कळमनुरीच्या शिक्षकाची रांग आता सेनगाव-वसमतच्या शिक्षकांबरोबर लागते. जिंतूरच्या शिक्षकांशी तिचा संबंध उरलेला नाही. पाचच तालुक्यांच्या जिल्ह्यात वरची पदे मोजकी असतात आणि ती बहुधा सेवानिवृत्तीनेच रिकामी होतात. निवृत्तीचे वय 58 आहे. जुन्या काळी गावच्या शाळेत नाव घालताना जन्मतारीख अंदाजाने जूनमधली लिहीत, आणि 1 जूनला जन्मलेला कर्मचारी नियमानुसार 31 मे रोजी निवृत्त होतो. मराठवाड्यात मे-जूनअखेर निवृत्तीचे निरोपसमारंभ दाटीने होतात ते यामुळे.

आंतरजिल्हा बदलीचा पेच येथे तीव्र होतो. मराठवाड्यातील अनेक तरुण कोकणात किंवा ठाणे-पालघरकडे प्रथम नेमणूक घेतात आणि काही वर्षांनी गावाकडे परततात. परतल्यावर वेतन कायम राहते, मात्र नव्या जिल्ह्याच्या यादीत त्यांचे नाव सर्वांत शेवटी लागते. पंधरा वर्षे सेवा झालेला शिक्षक अशा रीतीने कालच्या नेमणुकीपेक्षा थोडाच वर असतो. म्हाताऱ्या आईवडिलांजवळ राहायचे की मुख्याध्यापक व्हायचे, हा निर्णय त्याला अर्ज भरण्यापूर्वीच करावा लागतो.

वेतनवाढ आणि पदोन्नती

पद मिळाले नाही म्हणून वेतन थांबत नाही. प्रा. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शिक्षक आयोगाच्या (1983–85) शिफारशींना अनुसरून 12 वर्षांनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनंतर निवड श्रेणी मिळते. दोन्हींसाठी विहित प्रशिक्षण आवश्यक असून निवड श्रेणी 20 टक्के मर्यादेतच दिली जाते. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना लागू असलेली 10, 20 व 30 वर्षांची आश्वासित प्रगती योजना याहून निराळी आहे. वरिष्ठ श्रेणी घेतलेला शिक्षक मुख्याध्यापक झाला तर त्याच्या पगारात पडणारा फरक थोडाच असतो, जबाबदारी मात्र दुपटीने वाढते. काही शिक्षक पदोन्नती लेखी नाकारतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच गणित आणि समुपदेशनात दूरची शाळा वाट्याला येण्याची धास्ती असते. केंद्रप्रमुख झाल्यावर तर वर्गच सुटतो. ज्याला शिकवण्यात गोडी आहे, त्याच्या दृष्टीने ही उन्नती की बदली, हा प्रश्न रास्त आहे.

सेवेत राहून स्पर्धा परीक्षांद्वारे दुसरे पद मिळवण्याचा मार्गही खुला असतो. त्यासाठी अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे कार्यालयामार्फत किंवा पूर्वपरवानगीने करावा लागतो. निवडीनंतर साध्या राजीनाम्याऐवजी तांत्रिक राजीनामा दिल्यास मागील सेवा जोडून मिळण्याचा दावा टिकतो.

शिक्षक पात्रता परीक्षा

शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) राज्यात प्रथम 15 डिसेंबर 2013 रोजी झाली आणि दीर्घकाळ ती नव्या भरतीपुरती मानली गेली. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात ती सेवेतील शिक्षकांनाही आवश्यक ठरवली. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्यांना परीक्षा उत्तीर्ण होण्यास दोन वर्षांची मुदत मिळाली.

प्रश्नपत्रिका 150 गुणांची व दीड नव्हे, पूर्ण अडीच तासांची असते. खुल्या प्रवर्गाला 60 टक्के गुण लागतात. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक आणि सहावी ते आठवीसाठी पेपर दोन असतो. प्रमाणपत्र आता आजीवन वैध आहे. ज्यांच्या सेवेची पाच वर्षांपेक्षा कमी उरली आहेत, त्यांना परीक्षेविना निवृत्तीपर्यंत सेवेत राहता येते, परंतु पदोन्नती घेता येत नाही. यादीत पहिले नाव असले तरी त्यासाठी टीईटी उत्तीर्ण असावेच लागते.