गुलाल किती वाजता उधळला? : निकालाच्या रात्रीचा एक छोटा इतिहास

संशोधनाचा विषय शोधताना बहुतेक जण 'मराठवाड्यातील निवडणुकांचा सामाजिक अभ्यास' असलं काहीतरी लिहून आणतात. त्यात मोजायचं काय, हे विचारलं की गाडी अडते. मी शिकलो विज्ञान, त्यामुळे मोजता येईल असा प्रश्न असला की मला बरं वाटतं. तर आजचा प्रश्न साधा आहे. निवडणुकीचा निकाल लागल्यावर कळंबच्या चौकात गुलाल किती वाजता उधळला जातो? ही वेळ गेल्या सत्तर वर्षांत का बदलत गेली?

आधी एक सावधगिरी. कळंब म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं, मांजरा काठचं. यवतमाळ जिल्ह्यातही एक कळंब तालुका आहे आणि जुन्या निवडणूक नोंदींत आपल्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग 'कल्लम'सारखं दिसतं. त्यात २००८च्या पुनर्रचनेत कळंब विधानसभा मतदारसंघच संपला. तालुक्याचा मोठा भाग आता उस्मानाबाद मतदारसंघात आहे. म्हणजे '१९७२ ते २०२४ कळंब' अशी सरळ रांग लावायला गेलात तर आकडे तुम्हाला फसवतील.

पहिल्या निवडणुकीला, १९५१-५२ला, कळंब हैदराबाद राज्यात होतं. पोलिस कारवाई सप्टेंबर १९४८मधली, म्हणजे निजामाची राजवट जाऊन साडेतीन वर्षंही झाली नव्हती. मतपत्रिकेवर शिक्का मारायची भानगड तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं. कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. मतदानच देशभर टप्प्याटप्प्याने चार महिने चाललं. त्यामुळे सगळा देश एकाच रात्री जागा राहिला, असं तेव्हा घडणं शक्यच नव्हतं. निकाल तुकड्यातुकड्यांनी आले, आणि जल्लोषही तसाच.

१९६२पासून एकाच मतपत्रिकेवर सगळी नावं आणि शिक्का ही पद्धत सर्वत्र आली. आता मोजणीचं काम बघा. पेट्या उघडा, कागद मोजा, नोंदीशी ताळा जुळवा, गठ्ठे बांधा, उमेदवारनिहाय वेगळे करा, शंकास्पद शिक्क्यांवर वाद घाला. पुढे त्यात आणखी एक पायरी आली : अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळायची. कोणत्या गावानं कुणाला मत दिलं हे कळू नये, एवढाच हेतू. हे सगळं हाताने होत असल्यामुळे रात्र उलटायची. 'निकालाची रात्र' म्हणून जी आपण ओळखतो ती मुळात कागदाने घडवलेली रात्र आहे.

त्यातली सगळ्यात मोठी रात्र २० मार्च १९७७ची. आणीबाणीतच जाहीर झालेली निवडणूक, वर्तमानपत्रांवरची बंधनं लोकांच्या ताज्या अनुभवातली, त्यामुळे रेडिओवरच्या बातमीवरही कुणाचा चटकन विश्वास नाही. दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावर वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांसमोर लोक आकड्यांचे फलक बघत उभे राहिले. रायबरेलीत इंदिरा गांधी ५५,२०२ मतांनी हरल्या. २१ तारखेला आणीबाणी उठली. मुंबईच्या सहाच्या सहा जागा काँग्रेसच्या हातून गेल्या, आणि मृणाल गोरे जिंकल्यावर लोकांनी जी घोषणा दिली ती आजही तोंडात आहे : 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में'. मराठी माणसांनी हिंदीत दिलेली ही घोषणा मला त्या रात्रीचा सगळ्यात चांगला दस्तऐवज वाटते. ती सरकारी अहवालात सापडत नाही.

पण आपल्या जिल्ह्यात काय झालं? इथे मौखिक इतिहास गोळा करणाऱ्यांनी जरा थांबावं. १९७७ला उस्मानाबादची जागा काँग्रेसच्या तुकाराम शृंगारेंनी जिंकली. शेजारच्या लातूरमधून शेकापचे उद्धवराव पाटील निवडून आले, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होतं. वेगळा जिल्हा झाला १९८२ला. आता एखादे आजोबा म्हणाले, 'आमच्या जिल्ह्यानं तेव्हा काँग्रेसला पाडलं, रात्रभर हलगी वाजली', तर ते खोटं बोलत नाहीत. फक्त त्यांचा जिल्हा आणि तुमच्या तक्त्यातला जिल्हा एक नाही. उलट दुसरे कुणी म्हणाले, 'आम्हीच जिंकलो होतो', तर तेही बरोबर. मुलाखतीत 'जल्लोष झाला का' एवढंच विचारू नका. कुणाच्या विजयाचा, बातमी कशावरून कळली आणि तेव्हा अंधार होता की उजेड, हे विचारा. माणसं तारीख विसरतात, उजेड सहसा विसरत नाहीत.

मग यंत्र आलं. १९८२ला केरळच्या परवूरमध्ये ५० केंद्रांवर पहिला प्रयोग झाला. कायद्यात तरतूद नव्हती म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. पुढे कायदा बदलला आणि २००४ला लोकसभेच्या सगळ्या ५४३ जागांवर मतदान यंत्रं होती. बटण दाबलं की आकडा. फेऱ्या सुरू झाल्या, आणि चित्र दुपारीच स्पष्ट व्हायला लागलं. ४ जून २०२४ला ओमराजे निंबाळकर ३,२९,८४६ मतांनी जिंकले. इतक्या अंतराला शेवटच्या फेरीची वाट बघायची गरजच उरत नाही. निकालाची रात्र सरकून निकालाची दुपार झाली. हलगीच्या जोडीला डीजे आला आणि हाताने उधळायचा गुलाल जेसीबीतून ओतायला लागले. (नोव्हेंबर २०२४मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या महागावला अशाच गुलालाने आरतीच्या वेळी पेट घेतला आणि लोक भाजले. बारीक भुकटी हवेत उडाली की जळते, हे रसायनशास्त्राच्या मुलांना सांगायला नको.)

माझ्या मते खरा बदल मात्र वेळेचा नाही, पत्त्याचा आहे. यंत्र केंद्रनिहाय आकडा देतं. मतपत्रिका मिसळून जे झाकलं होतं ते पुन्हा उघडं झालं. फॉर्म २० काढा : कोणत्या शाळेच्या कोणत्या खोलीत कुणाला किती, सगळं छापलेलं. तालुक्याच्या गावी, जिथे एक बूथ म्हणजे दोन-चार गल्ल्या, तिथे संध्याकाळपर्यंत कुणी कुणाला 'चालवलं नाही' हे ठरलेलं असतं. अशा वेळी मिरवणूक कुठल्या गल्लीतून जाते आणि कुठे जास्त वेळ थांबते, हा नुसता वाहतुकीचा प्रश्न राहत नाही. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारं 'टोटलायझर' वापरावं, असं निवडणूक आयोगाने २००८ला सुचवलं, विधी आयोगाने २०१५च्या २५५व्या अहवालात शिफारस केली. केंद्र सरकारने ते स्वीकारलं नाही. पक्षांना बूथचा हिशोब हवा असतो, हे कारण कुणी कागदावर लिहीत नाही, पण मला तेच खरं वाटतं.

नगरपरिषदांच्या ताज्या निवडणुकीत एक नैसर्गिक प्रयोगच झाला. २ डिसेंबर २०२५ला मतदान, ३ तारखेला मोजणी ठरलेली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने ती २१ डिसेंबरवर गेली. मतदान आणि गुलाल यांच्यात एकोणीस दिवस. ज्यांना यावर प्रबंधिका करायची आहे त्यांनी आधी प्रभागनिहाय निकाल घ्यावेत, मग त्या दिवसाचे फोनमधले व्हिडिओ गोळा करावेत. व्हिडिओतून वेळ आणि रस्ता दोन्ही निघतात. पण व्हॉट्सॅपवरून फिरून आलेला व्हिडिओ मूळ वेळ सांगत नाही, म्हणून ज्याने काढला त्याच्याच फोनमधून घ्या. आणि लवकर घ्या. स्टोरेज भरलं की लोक सगळ्यात आधी मिरवणुकीचे व्हिडिओच उडवतात.