तिसऱ्या अंतराचा चष्मा

२१ ऑक्टोबर १४६२. मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा फ्लॉरेन्समधील आपल्या वकिलाला पत्र धाडतो. पत्रात ना तहाची कलमे आहेत, ना कर्जाची बोलणी. मागणी आहे तीन डझन चष्म्यांची. तेही वाटेत फुटू नयेत म्हणून डब्यांत घालून पाठवलेले. एक डझन लांबचे पाहण्यास योग्य, म्हणजे तरुणांकरिता. एक डझन जवळचे पाहण्यास योग्य, म्हणजे वृद्धांकरिता. आणि तिसरे डझन सर्वसाधारण नजरेचे.

व्हिन्सेंट इलार्दी या इतिहासकाराने हे पत्र १९७६ मध्ये अभ्यासकांपुढे ठेवले, तेव्हा चष्म्याच्या इतिहासातील काही गृहीतके बदलावी लागली. चार वर्षांनी, १४६६ मध्ये, स्फोर्झाचा मुलगा गालेआझ्झो मारिया याने दोनशे चष्मे मागवले. त्याची यादी मात्र निराळी होती: तिशीचे, पस्तिशीचे, चाळिशीचे, असे पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी.

बापाने अंतर सांगितले, मुलाने वय. आज संगणकासमोर मान उंचावून बसणाऱ्या माणसाची तक्रार समजून घ्यायची तर हा धागा इथूनच धरावा लागतो. कारण पुढील कित्येक शतके व्यवहारात सरशी झाली ती वयाची.

मराठीने तर हे वय थेट वस्तूलाच चिकटवले. ‘चाळिशी लागली’ म्हणजे वय झाले आणि चष्माही लागला. ‘चाळिशी कुठे ठेवली?’ या प्रश्नातली चाळिशी नाकावरची असते. ‘चष्मा’ हा शब्द फारसीतील डोळ्यावरून आला, पण चाळिशी खास आपली. (भारतात चष्मा नेमका केव्हा आला, याचा पहिला कसून शोध पुण्यातच घेतला गेला. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी त्यावर दीर्घ लेख लिहिला आणि विजयनगरचे व्यासराय सोळाव्या शतकात चष्मा लावून पोथी वाचत असल्याच्या उल्लेखाकडे लक्ष वेधले.)

वय हा निकष अगदीच चुकीचा नव्हता. डोळ्यातील नैसर्गिक भिंग जवळचे पाहताना फुगीर होते. वयानुसार ते ताठर होत जाते. हा बदल भिंगातच घडतो, बुबुळाच्या पृष्ठभागावर नव्हे, हे टॉमस यंगने १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग करून दाखवले. डोळ्यासमोर पाणी भरलेली नळी धरून त्याने बुबुळाची वक्रता निष्प्रभ केली; तरीही जवळचे पाहण्याची क्षमता टिकून राहिली. पुढे १८६४ मध्ये डच नेत्रवैद्य फ्रान्सिस्कस डोंडर्स याने या विषयावर मोठा ग्रंथ लिहून वयाने येणारा दोष आणि जन्मजात दूरदृष्टीचा दोष यांची फारकत केली.

आणि १८७२ मध्ये फ्रेंच डॉक्टर फर्दिनां मोनॉये याने चष्म्याच्या नंबराला एकक सुचवले: डायॉप्टर. हिशेब साधा आहे. एकाला मीटरमधील अंतराने भागायचे. पुस्तक ४० सेंटिमीटरवर असेल तर २.५ डायॉप्टर लागतात. पडदा ६६ सेंटिमीटरवर असेल तर सुमारे १.५. भिंतीवरचे घड्याळ सहा मीटरवर असेल तर जवळजवळ काहीच नाही.

म्हणजे भिंगाला वय कळत नाही, अंतर कळते. ज्याच्या डोळ्यातील लवचिकता संपली आहे, त्याचा २.५ नंबरचा वाचनाचा चष्मा पुस्तकासाठी चोख. पण त्याच चष्म्यातून ६६ सेंटिमीटरवरच्या पडद्याकडे पाहिले तर एका पूर्ण डायॉप्टरची चूक पडते. अक्षरे विरघळतात. चष्मा खोटा नसतो, तो दुसऱ्या अंतराचा असतो.

अंतराची ही अडचण प्रथम मोकळेपणाने मांडली ती बेंजामिन फ्रँकलिनने. २३ मे १७८५ रोजी पॅरिसजवळील पासीहून मित्र जॉर्ज व्हॉटली याला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, प्रवासात वाचायला एक आणि निसर्ग पाहायला दुसरा, असे दोन चष्मे सतत बदलावे लागत. म्हणून त्याने दोन्हींच्या काचा कापवून एकाच वर्तुळात अर्ध्या-अर्ध्या बसवून घेतल्या. जेवणाच्या मेजावर तर त्याचा आणखी फायदा झाला. खालच्या अर्ध्यातून ताट दिसे, वरच्या अर्ध्यातून समोरच्याचा चेहरा. आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरील हालचाली दिसल्या की फ्रेंच अधिक नीट समजे. सत्तरी पार केलेल्या राजदूताला परभाषेत दरबारी वावरायचे होते. त्याच्यासाठी ही चैन नव्हती.

फ्रँकलिनच्या या रचनेत एक गृहीतक दडले आहे आणि सगळी गोम तिथेच आहे. जवळचे म्हणजे खालचे, लांबचे म्हणजे वरचे. ताट, पुस्तक, शिवण, हिशेबाची वही यांना हे लागू पडते. पण प्रत्येक व्यवसायाला नाही. विसाव्या शतकात डोक्यावरची बटणे पाहणारे वैमानिक आणि मान वर करून तारा जोडणारे वीजतंत्री यांच्यासाठी काचेच्या वरच्या भागातही जवळचा नंबर बसवावा लागला.

राहिले मधले अंतर. ते हेरले जॉन आयझॅक हॉकिन्स या इंग्रज अभियंत्याने. उभ्या पियानोच्या आद्य निर्मात्यांपैकी हा एक. त्याने १८२७ मध्ये तीन नंबर एकाच काचेत बसवले: वर लांबचा, खाली वाचनाचा, आणि मध्ये त्या दोहोंतला. ‘बायफोकल’ हा शब्दही त्याच्याच नावावर जमा आहे. कल्पना उत्तम, पण काळाच्या फार पुढची. मेजापलीकडच्या माणसाकडे टक लावून आठ-आठ तास बसण्याचा व्यवसाय तेव्हा कोणाचाच नव्हता.

तो व्यवसाय १९७० च्या दशकात आला. वृत्तपत्रांची संपादकीय दालने, विमा कंपन्या, बँका यांत टंकलेखन यंत्राच्या जागी पडदे बसू लागले. कागद टेबलावर आडवा असे. पडदा उभा, डोळ्यांसमोर आणि अधिक दूर. बायफोकल लावणाऱ्या कारकुनाला पडदा नीट दिसायचा तर हनुवटी वर करून, खालच्या अर्ध्या चंद्रातून, पुढे झुकून पाहावे लागे. दिवसअखेर दुखे ती मान, आणि दोष जाई पडद्याच्या ‘किरणांना’.

मग बहुनंबरी, म्हणजे प्रोग्रेसिव्ह काच का पुरली नाही? बर्नार्ड मेतनाझ या फ्रेंच अभियंत्याची व्हॅरिलक्स ही काच १९५९ मध्ये बाजारात आली आणि तिच्यात वरून खाली नंबर सलग वाढत जातो, मधले अंतरही त्यात येते. पण किती? एक अरुंद पट्टी. गुंटर मिंकविट्झ या जर्मन गणितज्ञाने १९६३ मध्ये सिद्ध केले की, अशा पृष्ठभागावर नंबर ज्या वेगाने वाढतो त्याच्या दुप्पट वेगाने त्या पट्टीच्या कडेला धूसरपणा वाढतो. कारागिरी कितीही सुधारा, हा कर भरावाच लागतो.

त्यातून सुटण्याचा एकच मार्ग उरतो: काहीतरी सोडून देणे. ज्याला दुकानदार ‘ऑफिस लेन्स’ म्हणतात ती काच रस्त्यापलीकडचे स्पष्ट दाखवण्याचा हट्ट सोडते. नंबरातील फरक कमी झाला की मधली पट्टी रुंद होते. फक्त पडद्यासाठी एकनंबरी चष्मा हा आणखी साधा आणि स्वस्त पर्याय; मात्र कागद आणि पडदा यांत सतत नजर फिरवणाऱ्याला तो अपुरा पडतो. दोन्ही चष्मे लावून गाडी चालवता येत नाही, हे विकणाऱ्याने सांगायलाच हवे. आणि हे ठरवण्यासाठी वयाआधी लागते ती मोजपट्टी: नेहमीच्या बैठकीत डोळ्यापासून पडदा किती, कागद किती, पडद्याची वरची कड नजरेच्या वर की खाली. निळा प्रकाश अडवणारा लेप हा या हिशेबात बसत नाही. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात सतरा चाचण्या तपासल्या गेल्या. डोळ्यांचा ताण त्याने अल्पकाळात कमी होत असल्याचा पुरावा मिळाला नाही.

हा चष्मा कामासाठीच लागत असेल, तर पैसे कोणी द्यायचे? युरोपीय समुदायाने २९ मे १९९० च्या निर्देशात उत्तर दिले. पडद्यावर काम करणाऱ्याची नेत्रतपासणी व्हावी, आणि नेहमीचा चष्मा चालत नसेल तर खास साधन मिळावे. कर्मचाऱ्यावर खर्चाचा बोजा नको. शब्द होते ‘विशेष दृष्टिसाधने’. त्यांत साधा चष्मा येतो का, यावर तीन दशकांनंतरही वाद रंगला.

रुमानियातील क्लुज शहरात, परदेशी नागरिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने नव्या चष्म्याचे २६२९ लेई मागितले. कार्यालयाने नाकारले. प्रकरण तेथील अपील न्यायालयातून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेले. २२ डिसेंबर २०२२ रोजी निकाल लागला: पडद्याच्या कामाशी निगडित त्रासासाठी असलेला चष्मा हे विशेष साधनच, तो घरी वापरला म्हणून हक्क जात नाही. मालकाने चष्मा द्यावा किंवा त्याचे पैसे परत करावेत. सर्वांना सरसकट दिलेल्या वेतनभत्त्यावर बोट ठेवून ही जबाबदारी मात्र टाळता येणार नाही.