हातावरचे पाणी आणि लिलावाची जमीन

रोहिडखोऱ्यातील कारी हे गाव आज भोर तालुक्यात आहे. 1659 साली अफझलखान स्वराज्यावर चालून आला, तेव्हा तेथील देशमुख कान्होजी जेधे यांनी शिवाजी महाराजांसमोर आपल्या वतनावर पाणी सोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. सोडणाऱ्याचा हात व्यवहारात सर्वांसमक्ष दिसावा, हा त्या पाण्याचा अर्थ. वतनाचा तंटा पडला की गोतसभा बसे, महजर होई आणि साक्षीदार पाटील आपल्या नावापुढे नांगराची निशाणी करीत.

महसुलाच्या थकबाकीसाठी होणाऱ्या लिलावात नेमका हा हातच नसतो. जमीन जाते, पण मूळ धन्याने ती सोडलेली नसते. आमच्या मते अशा जमिनीच्या मालकीविषयीची सारी गुंतागुंत येथून सुरू होते.

शेजारच्या इंग्रजी मुलखात प्रिंगलसाहेबाच्या भारी आकारणीमुळे शेते पडीक पडली आणि थकबाकी साचली. 1836 साली गोल्डस्मिड व विंगेट यांना इंदापुरात नव्याने आकारणी करावी लागली. पुढे 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने थकबाकीदाराची जमीन सरकारजमा करण्याची व विकण्याची रीत पक्की केली. भोर मात्र 1948 च्या विलीनीकरणापर्यंत पंतसचिवांचे संस्थान होते. आज सर्वत्र 1966 चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम लागू आहे.

या अधिनियमाप्रमाणे लिलाव पुकारला म्हणजे जमीन झाली, असे नव्हे. मूळ धन्यास तीस दिवसांत थकबाकी आणि खरेदीदारासाठी रकमेच्या पाच टक्के भरून विक्री रद्द करून घेता येते. जाहिरनाम्यात वा लिलावात मोठी अनियमितता झाली असल्यास तेवढ्याच मुदतीत त्याविरुद्ध अर्ज करता येतो. हे दिवस सरल्यावर विक्री कायम करण्याचा हुकूम होतो. मग ताबा, अभिलेखात नाव आणि खरेदीचा दाखला. दाखला हाती नसताना केवळ सातबाऱ्यावरील नावावर विसंबणारे अनेक जण असतात. फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. आणखी एक भेद खरेदीदार सहसा पाहत नाहीत. त्या जमिनीचाच महसूल थकला असेल, तर मूळ भोगवटादाराने निर्माण केलेले बोजे विक्रीने सुटतात. अन्य येण्यासाठी त्याची मिळकत विकली गेली, तर त्याचा जेवढा हक्क होता तेवढाच खरेदीदारास मिळतो. भाऊबंदांचे हिस्से अशाच वेळी डोके वर काढतात.

बोली बोलणारा कोणी मिळाला नाही, तर कलम 220 प्रमाणे सरकार स्वतः नाममात्र बोलीने जमीन घेते. अशा जमिनीला ‘आकारी पड’ म्हणतात. ती मूळ मालकास परत मिळण्याची बारा वर्षांची मुदत कायद्यात होती. ती उलटून गेलेल्यांचाही विचार करून जानेवारी 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अशा जमिनी मूळ मालकांना वा त्यांच्या वारसांना परत देण्याचा निर्णय घेतला.

हे वाचताना आम्हास लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायाचे स्मरण झाले. दारिद्र्यामुळे वतन गेलेल्यास ते सोडवून घेण्याचा अधिकार तेथे दिला आहे. यिर्मयाने अनाथोथचे शेत घेतले तेही चुलतभाऊ हनामेल याच्याकडून, सोडवणुकीच्या याच हक्काने. सतरा शेकेल तोलून दिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि मोहोरबंद व उघडे असे दोन्ही खरेदीखत बारूखकडून मातीच्या मडक्यात ठेवविले. शहरास वेढा पडला असताना संदेष्ट्याने कागदपत्रांची एवढी काळजी घेतली, हे लिलावाची जमीन घेणाऱ्या आमच्या भाविकांनी ध्यानात घ्यावे. आणि ज्याची जमीन गेली तो अजून त्याच वाडीत राहत असेल, तर दाखला मिळण्यापूर्वीच कुंपण घालण्याची घाई करू नये. ते तीस दिवस त्याचे आहेत.

भोर-वेल्हे भागात जुना शोध घेणाऱ्यास एक अडचण हमखास येते. संस्थानी काळातील बरेच दप्तर मोडी लिपीत असल्याने मोडी वाचणारा माणूस लागतो. शिवाय तालुक्यांची नावे बदलली. विचित्रगड म्हणजे आजचा भोर. वेल्ह्याची गावे प्रचंडगड तालुक्याच्या नावाने शोधावी लागतात, आणि वेल्हे तालुक्यासही आता राजगड हे नाव मिळाले आहे.